ब्लॅक बेल्ट आणि पहिली इयत्ता

वाचकांचे प्रश्न : मिक्स्ड मार्शल आर्ट्स

प्रश्न : मी १४ वर्षे कराटे शिकलो आणि ब्लॅक बेल्ट मिळवला. गेल्या वर्षापासून मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी या सगळ्यांना मुभा असलेल्या लढतींच्या) वर्गाला जातो, तर ६ महिन्यांपूर्वी आलेली मुले मला खाली पाडून मिनिटभरात टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला, लावतात. इतकी वर्षे चुकीचे शिकलो, असे समजायचे का?

उत्तर : चुकीचे नव्हे, अपुरे शिकलात. कराटेचा लांब पवित्रा, समोरचा माणूस पाय धरून आपल्याला जमिनीवर नेणार नाही आणि तिथेच दाबून ठेवणार नाही, हे गृहीत धरून घडलेला आहे. ते गृहीतक निघून गेले की पुढे टाकलेला पाय कुस्तीगिराच्या आयताच हाती लागतो, आणि मारलेली लाथ एकदा पकडली गेली की उरलेल्या एका पायावर तोल सांभाळणे भल्याभल्यांना जमत नाही. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे यूएफसी या अमेरिकी लढतमालिकेची पहिली स्पर्धा झाली तेव्हा जगाने हेच पाहिले. ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर पकडी लावून हरवण्याची कला) खेळणाऱ्या, सुमारे ८० किलो वजनाच्या रॉयस ग्रेसीने त्या एका रात्रीत ३ लढती जिंकल्या. अंतिम लढतीत त्याच्यासमोर असलेला गेरार्ड गोर्दो हा कराटे आणि सावात (फ्रेंच किकबॉक्सिंग) यांत मुरलेला खेळाडू होता. पण लढत जमिनीवर गेल्यावर त्याला आपले कसब वापरायला जागाच उरली नाही.

तरीही यातून कराटे निरुपयोगी ठरत नाही. अंतराचा अंदाज ही कराटेवाल्याची खरी कमाई असते, आणि पाडले जाण्यापासून बचाव करता येऊ लागला की ती पुन्हा कामाला येते. कराटेतून आलेल्या लिओटो माचिदाने २००९ मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट किताब जिंकला तो याच बळावर. यूएफसीचा माजी विजेता जॉर्ज सेंट-पिएर याचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. त्याची सुरुवात लहानपणी क्योकुशिन कराटेने झाली आणि शाळा-कॉलेजात तो कधी कुस्ती खेळला नव्हता. मात्र पुढे मॉन्ट्रियलमध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या कुस्तीगिरांबरोबर त्याने इतका सराव केला, की प्रतिस्पर्ध्याला पाडण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे उरले. नावारूपाला आलेल्या लढवय्याने दुसऱ्यांच्या आखाड्यात जाऊन नवशिक्यासारखे आपटी खात राहणे, हा भाग चित्रफितींत दिसत नाही.

तेव्हा पुढचे ६ महिने आठवड्यातले निम्म्याहून अधिक तास कुस्ती आणि जिउ-जित्सूला द्या. त्या तासांत श्वास रोखू नका आणि अंग ताठ करून जोर लावू नका. ही खोड कराटेवाल्यांना हमखास असते. मला ती घालवायला दीड वर्ष लागले.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. आजवर कोणताही खेळ केला नाही. आता सुरुवात केली तर उशीर झाला, असे म्हणाल का?

उत्तर : व्यावसायिक लढतींसाठी म्हणाल तर हो, झाला. रँडी कुटूर ४३व्या वर्षी, २००७ मध्ये, हेवीवेट विजेता ठरला आणि ग्लोव्हर टेशेराने ४२व्या वर्षी, २०२१ मध्ये, लाइट हेवीवेट किताब घेतला, ही उदाहरणे अशा वेळी सर्रास दिली जातात. परंतु त्या दोघांच्या मागे अनेक वर्षांचा सराव होता, आणि ते सांगायचे टाळून ४६ वर्षांच्या नवशिक्या माणसाला धीर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपल्याला जवळचे वाटेल असे उदाहरण अँथनी बोर्डेन या शेफचे आहे. त्याने वयाच्या ५८व्या वर्षी जिउ-जित्सू सुरू केले आणि २०१६ मध्ये न्यू यॉर्कच्या एका स्पर्धेत, आपल्या वयोगटात, निळा बेल्ट (पांढऱ्यानंतरचा) असताना सुवर्णपदक मिळवले.

या वयात शिकता येते याचे कारण सरावाच्या रचनेत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुदोची स्थापना केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील जीवघेणे प्रकार मुक्त सरावातून वगळले. उरलेले डाव मग विद्यार्थ्यांना पूर्ण प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर रोज, पुन्हा पुन्हा, इजा न करता वापरून पाहता आले. टॅप याच विचारातला आहे. हाताने दोनदा थोपटले की पकड सुटते, दोघे उठून बसतात आणि पुन्हा सुरुवात होते. एका संध्याकाळी आपण १० वेळा हरू शकता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकता. टॅप करायला लाजणारा माणूस मात्र कोपर दुखावून ३ महिने घरी बसतो, आणि त्यालाच मग चिकाटीचे कौतुक ऐकायला मिळते, हे मला कधी कळलेले नाही.

डोक्यावरच्या ठोशांना असा टॅप नसतो. सरावात लढतीतल्या ४ औंसांच्या ग्लव्हजऐवजी जाड ग्लव्हज वापरतात. त्यांनी चेहरा वाचतो, पण मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. म्हणून स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) हलक्या हाताने होते का, हे प्रवेश घेण्यापूर्वी एक तास बसून पाहा. गरगरले, मळमळले किंवा डोके दुखू लागले तर सराव तिथेच थांबवा आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मॅटवर जाऊ नका. ४६व्या वर्षी तर जोरदार स्पारिंग करण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळतो?

उत्तर : या खेळात अशी सर्वमान्य श्रेणीच नाही, किताबाचा पट्टा असतो, आणि तो कुणी हरवेपर्यंतच आपला. ब्राझिलियन जिउ-जित्सूत आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार निळ्या बेल्टवर सर्वसाधारणपणे किमान २ वर्षे, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर १ वर्ष काढावे लागते. प्रत्यक्षात काळ्यापर्यंत पोहोचायला सुमारे १० वर्षे लागणे नेहमीचेच आहे. काळ्या बेल्टवरची पहिली पदवी (डिग्री) मिळायला आणखी ३ वर्षे जातात.

प्रश्न : मी २० वर्षे जिउ-जित्सू शिकवतो. अलीकडे माझाच एक विद्यार्थी मला पायाच्या पकडींत अडकवतो. वर्गासमोर त्याच्याशी सराव करणे टाळू लागलो आहे. हे योग्य नाही हे कळते, पण काय करावे?

उत्तर : वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, आपल्या बाबतीत तो विद्यार्थ्याकडे निघाला. यात आपण एकटे नाही. टाच पिळून गुडघ्यावर ताण आणणाऱ्या हील हुककडे जिउ-जित्सूच्या अनेक शाळांत वर्षानुवर्षे तुच्छतेने पाहिले गेले. त्यात धोका खराच होता, कारण वेदना जाणवण्याआधीच गुडघ्याचे अस्थिबंध फाटू शकतात. गेल्या दशकात मात्र जिउ-जित्सू प्रशिक्षक जॉन डॅनहरच्या शिष्यांनी या पकडींची पद्धतशीर मांडणी केली आणि जुन्या जाणत्यांना हरवायला सुरुवात केली. शेवटी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने गी (जिउ-जित्सूचा जाड पोशाख) न घालता होणाऱ्या स्पर्धांत तपकिरी आणि काळ्या बेल्टच्या प्रौढांना हील हुकची मुभा दिली. आपण शिकलात त्या काळात हा धडा पुस्तकातच नव्हता.

आठवड्यातून एक तास त्या मुलाला वर्ग घ्यायला सांगा आणि आपण जोडीदार म्हणून मॅटवर आडवे व्हा. पहिले काही आठवडे पाय नुसता अडकला, टाच अजून धरलीही नाही, तेव्हाच टॅप करा. विद्यार्थ्यांना ते दिसेल. दिसू द्या; हील हुकमध्ये टॅप किती लवकर करायचा, हे त्यांना नाही तरी कुणीतरी दाखवायला हवेच आहे.