क्रूझ एक दिवस दक्षिण फ्रान्समधल्या निस शहराजवळच्या विलफ्रांशला थांबणार आहे, सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत, तर एझ आणि सां पॉल द व्हॉन्स ही डोंगरावरची दोन्ही गावं एका दिवसात होतील का?

होतील, पण करू नका. एकच गाव घ्या, आणि आईबाबा सोबत असतील तर ते गाव एझच घ्या.

आम्ही मागच्या मे महिन्यात गेलो होतो, मी, बायको आणि माझे आईबाबा, आईचा गुडघा दुखतो म्हणून मला पण हेच टेन्शन होतं. आधी एक गोष्ट लक्षात घ्या की विलफ्रांशला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, खाडीत नांगर टाकतं आणि तिथून छोट्या बोटीने म्हणजे टेंडरने किनाऱ्यावर यायचं. त्यात सकाळी सहज तासभर जातो. परत येताना पण शेवटची टेंडर किती वाजता ते आधीच विचारून ठेवा, जहाज सुटायची वेळ आणि शेवटच्या टेंडरची वेळ वेगळी असते. हे सगळं वजा केलं की हातात सहा तास राहतात फार तर. सां पॉल निसच्या पलीकडे पश्चिमेला आहे, म्हणजे निसचं सगळं ट्रॅफिक ओलांडून जायचं आणि तसंच परत यायचं, आणि एझ बरोब्बर उलट्या दिशेला मोनॅकोच्या बाजूला. दोन्ही केलीत तर आईबाबांना गाडीची खिडकीच जास्त दिसेल हो.

आता एझला जाताना बरेच जण फसतात ते सांगतो. विलफ्रांशहून ट्रेन आहे, दोनच स्टेशनं, मध्ये फक्त बोल्यू लागतं, पण जिथे उतरता ते एझ-सुर-मेर, म्हणजे समुद्राकाठचं एझ. जुनं गाव तिथून सरळ वर, समुद्रापासून चारशे मीटरच्या वर आहे! वर जायला एक पायवाट आहे, तिला जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं नाव दिलंय कारण तो त्या वाटेने चढायचा आणि त्याच्या झरतुष्ट्र या पुस्तकाच्या तिसऱ्या भागातलं एक महत्त्वाचं प्रकरण त्याला तिथेच सुचलं असं त्यानेच लिहून ठेवलंय, पण ती दीड तासाची दगडधोंड्यांची चढण आहे, सत्तरीच्या माणसांना अजिबात नेऊ नका. स्टेशनपासून ८३ नंबरची बस वर जाते आणि निसहून ८२ नंबरची. आम्ही जाताना धक्क्यावरून टॅक्सी केली, महाग पडली पण चौघांत वाटली तर परवडते, आणि साडेनऊला वर पोचलो तेव्हा गल्ल्या रिकाम्या होत्या. साडेअकरानंतर टूरच्या बसेस येतात मग चालायला जागा नसते, म्हणून पहिल्याच टेंडरमध्ये बसा, यात आळस करू नका प्लीज.

गाव कसं आहे तर गाड्या बाहेरच थांबतात, चौदाव्या शतकातल्या जुन्या दरवाज्यातून आत शिरलं की नुसत्या दगडी गल्ल्या आणि पायऱ्या. पायऱ्या उंच नाहीत पण दगड झिजून इतके गुळगुळीत झालेत की बाबांनी पहिल्याच वळणावर भिंतीला हात लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. चपला, सँडल चालणार नाहीत, रबरी तळव्याचे बूटच घाला. आई मध्ये मध्ये पायरीवर बसायची, मग परत चढायची, कुणी घाई करत नव्हतं. ही गावं अशी टोकावर का बसली हे तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं, समुद्रातून लुटारू यायचे, वरून गलबत दिसलं की दरवाजे बंद करायला वेळ मिळायचा. अगदी माथ्यावर किल्ला होता, १७०६ मध्ये चौदाव्या लुईच्या हुकुमाने पाडला, आता त्या पडक्या भिंतींमध्ये निवडुंगांची बाग आहे. तिकीट आहे, काढाच. आई तिथे एका निवडुंगापाशी किती वेळ उभी होती, तिच्या माहेरी बांधावर फड्या निवडुंग असायचा आणि तिथे तसाच, पिवळी फुलं आलेला, पाठीमागे खाली निळा समुद्र आणि काप फेराचं टोक. तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे.

परतीला मात्र बसचा भरवसा धरू नका. आम्ही दुपारी स्टॉपवर पाऊण तास उभे होतो, एक बस गच्च भरलेली म्हणून न थांबताच गेली, शेवटी एका जोडप्याबरोबर टॅक्सी शेअर केली. म्हणून दीडपर्यंत खाली या आणि उरलेला वेळ विलफ्रांशलाच द्या. तिथे बंदरावरच सेंट पीटरचं छोटं चॅपल आहे, कोळ्यांचं, १९५७ मध्ये फ्रेंच लेखक-चित्रकार ज्याँ कॉक्तोने आतून सगळं रंगवलंय, आणि जवळच रू ऑब्स्क्यूर म्हणजे अंधारी गल्ली, घरांच्या खालून जाणारी जुनी झाकलेली वाट, भर उन्हात थंडगार. शाकाहारी असाल तर सोक्का शोधा, हरभऱ्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेलात भट्टीत भाजलेला, वरून मिरपूड. बाबा पहिला घास घेऊन म्हणाले अगं हे तर बेसनाचं धिरडं! आणि दुसरी प्लेट मागवली.

सां पॉल कधी निवडावं? तुमच्यात कुणाला चित्रांचं खरंच वेड असेल तर. चित्रकार शागाल तिथल्या दफनभूमीत आहे, आणि गावाबाहेर १९६४ साली सुरू झालेलं माग फाउंडेशन हे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, शिल्पकार जियाकोमेत्तीचे पुतळे आणि चित्रकार मिरोच्या शिल्पांचा बगिचा, तेवढ्यासाठी पूर्ण दिवस घालवला तरी वसूल. पण मग एझ सोडा आणि येण्याजाण्याची गाडी आधीच ठरवून ठेवा.

जहाजाची टूर घ्यायची का, तर तिच्यात उशीर झाला तरी जहाज थांबतं हा एक मोठा फायदा आहे, पण चाळीस जणांच्या वेगाने आईबाबांना चालावं लागतं. आईचा गुडघा बघता आम्ही ती घेतली नाही. तुमचे आईबाबा सलग दोन तास चालू शकत असतील तर घ्या, नाहीतर टॅक्सीच बरी. बोटीचा दिवस कोणत्या महिन्यात आहे ते कमेंटमध्ये सांगा, जुलै-ऑगस्ट असेल तर ऊन फार लागतं, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या जहाजावरूनच भरून घ्या.