जपानमधल्या डेनीज या अमेरिकन रेस्टॉरंट-साखळीत अमेरिकेसारखंच खायला मिळतं का? शाकाहारी आईबाबांना तिथे नेता येईल का?

न्या की, पण दुपारी चारच्या सुमारास. जेवायच्या वेळेला नको.

तुम्ही लिहिलंय की योकोहामाला तुमच्या मुक्कामाजवळच डेनीज आहे, अमेरिकेत असताना तिथल्या पॅनकेक आणि ऑम्लेटवर तुम्ही बरेच दिवस काढलेत, आणि आता सोबतचे आईबाबा मांस-मासे-अंडं काहीच खात नाहीत. मी याच भागात राहतो आणि असल्या रेस्टॉरंटांत माझं बऱ्यापैकी जाणंयेणं असतं, म्हणून सांगतो: पाटी बघून अमेरिकेची आशा धरू नका. पाटी तेवढी तिकडची, आतलं सगळं जपानी.

याला कारण आहे. जपानने 1969 मध्ये खानपानाचा धंदा परदेशी भांडवलाला खुला केला. 1970 ला ओसाकाचं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच वर्षी टोकियोच्या उपनगरात स्कायलार्क हे रेस्टॉरंट सुरू झालं आणि पुढच्या वर्षी टोकियोच्याच गिन्झा भागात मॅकडोनल्ड्स आलं. घरोघरी गाड्या येत होत्या. रविवारी पोराबाळांना गाडीत घालून हमरस्त्यावरच्या, पार्किंगवाल्या हॉटेलात काट्याचमच्याने जेवायला जायचं, ही त्या काळातली मोठी चैन. या जागांना इथे 'फामिरेसु' म्हणतात, म्हणजे फॅमिली रेस्टॉरंट. डेनीजचं जपानमधलं पहिलं दुकान 1974 मध्ये उघडलं, तेही तुमच्याच योकोहामात, कामिओओकाला. आणणारी मंडळी इतो-योकादो या सुपरमार्केटवाल्यांची. सेव्हन-इलेव्हनही त्यांनी त्याच वर्षी जपानात आणलं. 1984 मध्ये त्यांनी डेनीज या नावाचे जपानपुरते हक्कच विकत घेतले. तेव्हापासून मेनूत काय ठेवायचं, हे अमेरिकेला विचारायची गरज उरली नाही.

त्यामुळे मेनूकार्डावर मानाची जागा हांबागुची. पावाविना नुसती खिम्याची जाड टिक्की, वर दाट तपकिरी सॉस, कधी चरचरत्या लोखंडी तव्यावर, आणि शेजारी थाळीत भात. (तुम्ही स्वतः मांस खात असाल आणि बीफ टाळत असाल तर जपून. हा खिमा बहुधा बीफ-पोर्क मिसळलेला असतो.) मग दोरिया, म्हणजे भातावर पांढरा सॉस आणि चीज घालून भाजलेला प्रकार. हा युरोपातला वाटतो, पण तो योकोहामाच्याच न्यू ग्रँड हॉटेलातल्या स्विस शेफने काढला असं सांगतात. जोडीला भाजलेल्या माशाचं जपानी ताट, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन म्हणजे जाड नूडल्स वगैरे. सकाळी गेलात तर टोस्ट-अंड्याच्या पानाशेजारीच भात-सामनची न्याहारी छापलेली दिसेल. ताटं अमेरिकेपेक्षा लहान, आणि उरलेलं बांधून घ्यायची पद्धत फारशी नाही. मला विचाराल तर हांबागु छान लागतो, पण त्याला अमेरिकन म्हणणं म्हणजे शेजवान डोशाला चिनी म्हणण्यासारखं आहे.

आता आईबाबांचं. अशा साखळी हॉटेलांत सॉस, सूप, करी हे बहुतेक सगळं मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार होऊन येतं. दुकानात गरम करून वाढतात. "यातलं मांस तेवढं काढा" या विनंतीवर वेटर मान तुकवून माफी मागतो ती यामुळे. त्याच्या हातात खरोखर काही नसतं. मक्याचं सूप, टोमॅटोचा सॉस, भाज्यांची करी दिसायला निर्दोष, पण आत चिकनचा किंवा पोर्कचा अर्क असण्याची शक्यता दाट.

म्हणून जाण्याआधी त्या साखळीच्या साइटवरचा ॲलर्जीचा तक्ता उघडा. अंडं, दूध, गहू यांची नोंद कायद्याने सक्तीची आहे ती पाकीटबंद पदार्थांवर; हॉटेलांना ती सक्ती नाही, पण साखळ्या सहसा आपणहून देतात. बीफ, पोर्क, चिकन, जिलेटिन पाकिटावरही सक्तीचे नाहीत, तरी बऱ्याच साखळ्या तेही देतात. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून घेतलं की ओळीनं वाचता येतं. फक्त एक भोक लक्षात ठेवा: कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेला बोनिटो मासा, या यादीत येतच नाही. मिसो सूप, सोया सॉसवालं ड्रेसिंग, उदोनचा रस्सा यांत तो असणारच असं धरून चाला.

एवढी चाळण लावल्यावर उरतं काय? फ्राइज, बटर टोस्ट, तक्त्यात पास झालेलं सॅलड, आणि ड्रिंक बार. म्हणून म्हटलं, चारला न्या. काही शे येनमध्ये चहा, कॉफी, सरबतं हवी तितकी आणि हवी तितकी वेळा. उठा म्हणून कोणी खुणावत नाही. शेजारच्या टेबलावर परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं हमखास असतात. मोसमी फळांची पार्फे, म्हणजे उंच ग्लासात थर लावलेलं आइस्क्रीम, येते ती तर बघण्यासारखी: उन्हाळ्यात पीच, हिवाळ्या-वसंतात स्ट्रॉबेरी. आधी आइस्क्रीममधलं अंडं आणि जेलीतलं जिलेटिन मात्र तक्त्यात तपासा. आईबाबांना करमणूक हवी असेल तर डेनीजऐवजी गुस्टो या दुसऱ्या फामिरेसुत न्या. तिथे मांजरीच्या तोंडाचा रोबो टेबलापर्यंत ताट घेऊन येतो.

वेटरला हाक मारू नका, टेबलावरचं बटण दाबा. बिलाची चिठ्ठी टेबलावरच असते, ती उचलून दाराजवळच्या काउंटरवर पैसे द्यायचे. टिप ठेवू नका, ठेवलीत तर विसरलात समजून मागे धावत येतील.

अमेरिकेतून आलेलं जुनं काही हवं असेल तर ओकिनावा बेटावर जाता येईल. तिथे ए अँड डब्ल्यू ही अमेरिकन बर्गरची साखळी 1963 पासून आहे, म्हणजे बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं तेव्हापासून, आणि रूट बिअर या बिनदारूच्या गोड पेयाचा मग अजून फुकट भरून देतात. योकोहामात तो योग नाही.

रात्रीच्या जेवणाला सरळ भारतीय हॉटेल गाठा. योकोहामात त्यांना तोटा नाही. त्याआधी न्यू ग्रँडसमोरच्या यामाशिता पार्कात चक्कर मारता येईल. 1923 च्या भूकंपानंतर शहराने केलेल्या मदतीची आठवण म्हणून इथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी बांधलेली घुमटाची पाणपोई तिथे आहे, बाबांना आवडेल. आणि जेवताना नान की भात असं विचारतील तेव्हा भात सांगा, नाहीतर ताटाबाहेर लोंबणारा गोडसर नान येतो आणि तो आईला संपत नाही.