वाचकांचे प्रश्न : थडगी, स्मारकं आणि पुसट अक्षरं

प्रश्न : कोल्हापूरच्या महावीर उद्यानातलं पोलिश स्मारक मुलांना दाखवलं. आता शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश कबरी दाखवायच्या आहेत. पण अक्षरं पुसट आणि भाषा परकी. कसं वाचावं? (राजारामपुरी)

उत्तर : निघण्यापूर्वी मुलांना एवढं सांगा : सोव्हिएत राजवटीनं १९४०-४१ मध्ये घरादारासकट हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. कापडखरेदीला आपण गांधीनगरात जातो ना, तीच जागा.

आत जाण्याआधी राखणदाराला विचारा. जायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतरची. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या अक्षरांत सावली भरते. भर दुपारी तोच दगड कोरा दिसतो. सावलीतल्या दगडासाठी हातभर आरसा न्या आणि चार-पाच फुटांवर बाजूला उभं राहून त्यानं ऊन दगडावर आडवं पाडा. धूळ मऊ ब्रशनं झाडा, फार तर साधं पाणी मारा. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पिठी चोळू नका, तारेचा ब्रश तर नकोच. संडास धुण्याचं अ‍ॅसिड संगमरवरावर ओतलं की फेस येतो आणि लोकांना वाटतं मळ निघाला. निघत असतो तो दगडच, अक्षरांच्या कडांसकट.

आता भाषा. इंग्रजी ‘एस’वर छोटी तिरकी रेघ आणि पुढे ‘पी’ दिसलं, तर ते आपलं ‘कै.’ समजा. ‘यू-आर’ म्हणजे जन्म, ‘झेड-एम’ म्हणजे मृत्यू. ‘एल-ए-टी’ शेजारचा आकडा वयाचा. तारखेत महिना बऱ्याचदा रोमन आकड्यात असतो. आडनावात पुरुषाचं ‘स्की’, बाईचं ‘स्का’. त्यामुळे सख्खी भावंडं वेगळ्या घरातली वाटतात. वहीत टिपून घेताना हीच चूक हमखास होते.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले, परतले नाहीत. खडकीच्या वॉर सिमेट्रीत नाव मिळेल का? (कागल)

उत्तर : तिथं शोधण्यात दिवस घालवू नका. खडकीतल्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत. हिंदू सैनिकांचं शक्य तिथं दहन होई, म्हणून कबर नसतेच. स्मारकावर नोंद असते. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर नसलेल्यांची नोंद बसरा स्मारकाची. चाळीस हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक आहे. मात्र तिथल्या दगडावर भारतीय शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणवार फक्त आकडे दिले. (हा दुजाभाव अशा स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनलाही पुढे मान्य करावा लागला.) नावं नोंदवहीत आहेत आणि ती याच कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

नुसतं आडनाव टाकलं की बहुधा हाती काही लागत नाही, कारण साहेबी कारकुनानं कानाला येईल तसं लिहिलंय. ‘पोवार’ आणि ‘पवार’, ‘जाधव’ आणि ‘जाधाव’, अशी सगळी रूपं घालून पाहा. तरी नाही सापडलं तर नाव सोडून मराठा पलटणीचा क्रमांक धरा : १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७. मग ‘अधिक माहिती’च्या रकान्यात वडिलांचं नाव, गाव आणि तालुका जुळतो का ते बघा. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. शिपाई नंबर, नाव आणि पलटण बहुधा तिथंच कोरलेली असते. नंबर मिळाला की निम्मं काम झालं.

प्रश्न : फ्लॉरेन्सला जातोय. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं स्मारक नेमकं कुठं? (ताराबाई पार्क)

उत्तर : कॅशिने बागेच्या पश्चिम टोकाला. महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी अवघ्या विसाव्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये वारले आणि आर्नो-मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. छत्रीखालचा अर्धपुतळा १८७४ चा, शिल्पकार फुलर. छत्री चार्ल्स मँट यांची, म्हणजे आपल्या न्यू पॅलेसचेच वास्तुकार. बाग तीनेक किलोमीटर लांब आहे, त्यामुळे शहराकडच्या टोकाला शोधून बरेच जण हात हलवत परततात. महाराजांचं नाव विचारून उपयोग नाही, ‘इंडियानो’ (म्हणजे भारतीय) विचारा. जवळच्या पुलालाही तेच नाव आहे.