जावास्क्रिप्टमध्ये कस्टम इव्हेंटचा लिसनर कधी दोनदा चालतो, कधी चालतच नाही, असं का?

कस्टम इव्हेंट म्हणजे आपणच नाव देऊन पाठवलेली 'हे घडलं' अशी खबर, आणि लिसनर म्हणजे ती आली की चालणारं फंक्शन. तो दोनदा चालतोय म्हणजे बहुतेक तू तो दोनदा लावलायस, हे तुझा कोड न बघता सांगतो, कारण ह्याच चुकीवरून मी पणजीतल्या एका ऑफिसात सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीत.

म्हापशातल्या एका हॉटेलासाठी आम्ही ऑर्डर घ्यायचं वेब ॲप करत होतो. वेटरने टॅबलेटवर ऑर्डर टाकली की डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर, 'ऑर्डर-झाली' इव्हेंट डिस्पॅच व्हायचा, म्हणजे पाठवला जायचा, डिटेलमध्ये टेबल नंबर आणि पदार्थ, आणि ते ऐकून किचनच्या प्रिंटरवर केओटी, म्हणजे आचाऱ्यासाठी ऑर्डरची चिठ्ठी. टेस्टिंगला झकास चाललं. मग डिसेंबरातला रविवार, दुपारची गर्दी, मी काउंटरपाशीच उभा होतो, आणि आतून आचारी चार केओट्या हातात धरून बाहेर आला, चारही सारख्या, सात नंबर टेबल, एक सुरमई फ्राय. "कितें रे हें, परत परत तेंच?" तोवर तव्यावर चार तुकड्या पडल्या होत्या.

टॅबलेट लॅपटॉपला जोडून क्रोमच्या कन्सोलमध्ये गेटइव्हेंटलिसनर्स चालवलं, तर त्या एका इव्हेंटवर चार लिसनर. टेबलाची स्क्रीन उघडली की मी लिसनर लावायचो आणि बंद झाली की काढायचोही, पण दोन्हीकडे बिननावाचं ॲरो फंक्शन जागच्या जागी लिहिलेलं, म्हणजे दर वेळी नवीन फंक्शन, मग रिमूव्हइव्हेंटलिसनरला सापडणार काय? आणि ते एररही देत नाही, गप्प बसतं. फंक्शनला नाव देऊन बाहेर काढलं, दोन्हीकडे तेच दिलं, मिटलं. (तेच फंक्शन पुन्हा लावलं तर ब्राउझर दुसऱ्यांदा घेतच नाही.) आता मी लिसनर लावतानाच ॲबॉर्टकंट्रोलरचा (काम रद्द करायच्या ब्राउझरमधल्या सोयीचा) सिग्नल देतो, २०२१ पासून मोठ्या ब्राउझरांत चालतो, एका ॲबॉर्टमध्ये तो सिग्नल दिलेले सगळे लिसनर जातात.

सोमवारी मीटिंगमध्ये आमचा सीनिअर म्हणाला, इव्हेंटच नकोत, कोण कुठून ऐकतंय पत्ता लागत नाही, ग्लोबल फ्लॅग (सगळ्या कोडला दिसणारं एक व्हेरिएबल) ठेव आणि दर दोन सेकंदांनी तपास. मी म्हटलं चूक माझी आहे, इव्हेंटची नाही. ऐकलं नाही.

पत्ता लागत नाही हे त्याचं खरंच होतं, पण ते कधी, तर 'केओटी-छाप' असे हुकूम इव्हेंट म्हणून पाठवलेस तर. एकालाच काम सांगायचंय ना, मग सरळ फंक्शन कॉल कर. काहीतरी घडलंय आणि ते ज्याला हवं त्याने ऐकावं, किचनने, बिलाने, स्टॉकने, तिथेच इव्हेंट.

चालतच नाही त्याचं: बबल्स (इव्हेंट आतल्या एलिमेंटवरून वर डॉक्युमेंटपर्यंत जाऊ द्यायचा का, ही सेटिंग) डिफॉल्टला फॉल्स असतं, बटणावर डिस्पॅच करून डॉक्युमेंटवर ऐकत बसलास तर काही येणार नाही, ट्रू कर. शॅडो डॉम (पानातला बंदिस्त भाग) असेल तर त्याच्या बाहेर जायला कंपोज्डही ट्रू. आणि डिस्पॅच झाल्यावर लिसनर लावलास तर गेलेला इव्हेंट परत येत नाही, तो कुठे साठून राहत नाही.

हे सगळं ब्राउझरचं हां. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) असशील तर इव्हेंटएमिटर वेगळा, तिथे एका इव्हेंटला १० च्या वर लिसनर झाले की वॉर्निंग तरी येते. आणि रिॲक्टमध्ये आई-मुलाच्या कंपोनंटमध्ये बोलायला कस्टम इव्हेंट आणू नको, प्रॉप्स (आईने मुलाला दिलेल्या व्हॅल्यू आणि फंक्शनं) पुरतात.

फ्लॅगवाला कोड शेवटी मलाच लिहावा लागला. फ्लॅगमध्ये एकच ऑर्डर मावते, दोन सेकंदांच्या आत दुसरी आली की पहिली पुसली जाते, हे मी मीटिंगमध्येच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात एका टेबलाची चिकन शाकुती किचनमध्ये पोचलीच नाही, माणसं वाट बघून उठून गेली.