एम ७८ साठी आधी तो फिल्टर काढा

तुमची पोस्ट वाचून चार वर्षांपूर्वीचा माझाच फोटो समोर आला. तुमचाही अगदी तसाच: तीन रात्री, नऊ तासांचं एक्स्पोजर, ड्युअल नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाच्या दोनच अरुंद खिडक्या उघड्या ठेवणारा); बर्नार्ड लूप ही मृगातली हायड्रोजनची कमान लालभडक आणि एम ७८ या तेजोमेघाच्या जागी एक मळकट डाग. ‘कॅमेरा निळ्या रंगात कमी पडतोय का?’ असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते कॅमेरा ठीक आहे. डार्क आणि फ्लॅट्स (कॅमेऱ्याचे दोष वजा करायला लागणाऱ्या फ्रेम्स) तुम्ही घेतलेच असतील असं धरून पुढचं लिहिते.

बर्नार्ड लूपमधला हायड्रोजन स्वतः प्रकाशतो, तोही ठरावीक तरंगलांबीला. त्यातला एच-अल्फा हा लाल प्रकाश म्हणजे ६५६ नॅनोमीटर, आणि तुमच्या फिल्टरच्या दोन खिडक्यांपैकी एक नेमकी तिथेच उघडते. एम ७८ चं तसं नाही. तो परावर्तन तेजोमेघ आहे. आतले दोन बी वर्गाचे तारे तापलेले आहेत, पण सभोवतालचा वायू मृगातल्या मोठ्या तेजोमेघासारखा पेटवण्याइतके नाहीत. त्यांचा प्रकाश धुळीवरून विखरून आपल्यापर्यंत येतो, निळा जास्त विखुरतो म्हणून मेघ निळसर दिसतो. १९१२ साली अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनी कृत्तिकेतल्या मेरोपी या ताऱ्याभोवतीच्या अशाच मेघाचा वर्णपट घेतला, तो थेट ताऱ्यासारखाच निघाला. म्हणजे सलग वर्णपट, सगळ्या रंगांत पसरलेला.

आता हिशोब करा. ७ नॅनोमीटरच्या दोन खिडक्या म्हणजे १४. दृश्य प्रकाशाचा पट्टा साधारण ३०० नॅनोमीटरचा. एम ७८ चा जेमतेम विसावा भाग प्रकाश सेन्सरपर्यंत पोचतो. आकाशाचा उजेड कमी होतो हे खरं, पण आजकालच्या एलईडी दिव्यांचा उजेडही सलगच, त्यामुळे तो आणि तेजोमेघ दोन्ही सारखेच कापले जातात. पदरात काही पडत नाही.

हे मला कुणी वेळेत सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. ज्यांच्याकडून फिल्टर घेतला त्यांच्या मदत कक्षाला मी कच्ची फ्रेम पाठवली. पहिलं उत्तर, ‘एक्स्पोजर वाढवा.’ वाढवलं. मग ‘ट्रॅकिंग तपासा.’ तपासलं, तारे टाचणीच्या टोकासारखे गोल. मग कॅमेरा तपासणीला मागवला. तो ‘दोष आढळला नाही’ अशा एका ओळीच्या चिठ्ठीसह परत आला तोवर मृग संध्याकाळीच मावळायला लागला होता. अख्खा हंगाम गेला. ‘कशाचा फोटो काढताय?’ एवढा एक प्रश्न त्या सगळ्या पत्रव्यवहारात एकदाही आला नाही. लूप चांगला आला म्हणजे फिल्टर बरोबर, असं मीही धरून बसले, आणि तीच माझी सगळ्यात महागडी चूक.

तेव्हा फिल्टर काढा, अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरा आणि शक्य तितक्या काळ्या आकाशाखाली जा. चंद्र असताना परावर्तन मेघाच्या नादी लागूच नये, असं माझं ठाम मत आहे. प्रोसेसिंगमध्ये निळा ओढूनताणून भडक करू नका. कडेची तपकिरी धूळ खरी आहे, ती राहू द्या. (मी खगोलशास्त्राची पदवीधर नाही, हौशी आहे. तुमचं आकाश फारच उजळ असेल तर यानेही चमत्कार होणार नाही.)

कृत्तिकेभोवतीचा मेघ त्या ताऱ्यांच्या जन्मातून उरलाय का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही. ते तारे सुमारे १० कोटी वर्षांचे आहेत, जन्माच्या वेळची धूळ कधीच पांगली. वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच मेघातून ते सध्या चाललेत. एम ७८ मात्र खरंच ताऱ्यांचं पाळणाघर आहे. तिथले गार, दाट गाभे उणे २६० अंशांच्या आसपास असतात. गुरुत्वाने ते आकसतात, मध्ये तारा घडू लागतो, भोवती चकती फिरते, आणि ती चकती त्याला खाऊ घालते.

हे खाणं एका हौशी माणसाने फोटोत पकडलं आहे! जानेवारी २००४ मध्ये जे मॅकनील यांना ३ इंची दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोत एम ७८ जवळ पंख्यासारखा एक नवा ठिपका दिसला. व्ही १६४७ ओरायनिस या कोवळ्या ताऱ्यावर चकतीतला माल एकदम कोसळून तो उजळला होता आणि त्याच्या उजेडात शेजारची धूळ दिसू लागली होती. १९६६ च्या एका जुन्या फोटोतही तो ठिपका सापडला. म्हणजे तो येतो-जातो. त्यामुळे दर वर्षी एम ७८ ची फ्रेम घेतली की मी आधी त्या कोपऱ्यात झूम करते.

आणि हो, तुमच्या त्या नऊ तासांच्या फ्रेम्स डिलीट करू नका. फिल्टरशिवाय नवा डेटा मिळाला की जुन्यातला एच-अल्फा लाल चॅनेलमध्ये हलक्या हाताने मिसळा. एम ७८ निळा राहील आणि बाजूचा लूपही येईल. स्टॅक करण्याआधी (सगळ्या फ्रेम्स एकत्र करण्याआधी) एक कच्ची फ्रेम इथे टाका, स्ट्रेच न करता, म्हणजे उजेड न वाढवता. मी बघते.