भर दुपारी टुक-टुक करणारा तांबट का लोहार?

प्रश्न : सर, आमच्या बांधावर मोठं उंबर आहे. उन्हाळ्यात भर दुपारी त्यातून कुणीतरी ठोकत बसल्यागत टुक-टुक-टुक आवाज येतो, पक्षी काही दिसत नाही. आबा म्हणतात तांबट, पुतण्या मोबाईलवर बघून म्हणतो लोहार पक्षी. कोण खरं? – एक वाचक, जिंतूर

उत्तर : आबा खरे! लोहाराच्या नावाची टिटवी आहे पण ती तिकडं आफ्रिकेत, केनियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत, काळी-पांढरी-राखाडी, आणि कुणी जवळ गेलं की ऐरणीवर हातोडी पडल्यागत टिंक-टिंक ओरडते. जिंतूरच्या उंबरावर ती कशाला येईल.

तुमचा तांबट चिमणीपेक्षा जरासाच मोठा, अंगानं हिरवा, कपाळ लाल. हिरव्या पानात हिरवा म्हणून दिसत नाही, वर ओरडताना मुंडी हलवत राहतो त्यामुळं आवाज कधी इकडून कधी तिकडून आल्यासारखा वाटतो. गंमत म्हणजे चोच बंदच असते, गळ्याची कातडी प्रत्येक टुकला फुगते. मिनिटाला शंभराच्या वर टुक, तेही एका लयीत!

आणि ही लय तांब्याची भांडी ठोकणाऱ्या तांबट कारागिराचीच, लोहाराची नाही. तांब्याचा पत्रा थंडच ठोकतात, ठोकून कडक झाला की एकदा तापवून मऊ करायचा आणि परत तासन्‌तास टुक-टुक. लोहाराला तेवढी सवड कुठं, भात्यावर लाल केलेला फाळ सांडशीत धरून चार-दोन घण पडेपर्यंत काळा पडतो, की परत भट्टीत. म्हणून तिथला आवाज तुटक. पाण्याचंही उलटंच बघा, तापलेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, पण विळ्याचं पोलाद बुडवलं की काचेगत कडक, मग त्याला परत थोडी ऊब द्यावी लागते नाहीतर धारेचे तुकडे पडतात. साध्या लोखंडी पट्टीला मात्र पाणी चढतच नाही, म्हणजे बुडवून ती कडक होत नाही, कारण त्यासाठी लागणारा कार्बन तिच्यात 0.25 टक्क्याच्या आत, ट्रकच्या कमानीच्या पाट्यात 0.6 च्या आसपास. जुने लोहार खुरप्यासाठी पाटाच मागतात ते उगाच नाही (आणि बाजारातलं साध्या पट्टीचं रंगवलेलं खुरपं आठवड्यात का बोथट होतं तेही कळलं असेल).

पक्षी बघायचाच असेल तर सकाळी शेंड्याकडच्या वाळक्या फांद्या बघा, उन्हाला येऊन बसतो. अशा एखाद्या फांदीला खालच्या अंगानं गोल भोक दिसलं तर घरटं त्याचंच असू शकतं, सरपणासाठी ती तेवढी तोडू नका.