गोचिडाच्या तापावर कडुनिंब चालतो का?

प्रश्न: आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी एक जर्सी क्रॉस गाय आहे, तिला ताप येऊन गाठी सुजल्या, डॉक्टर थायलेरिया, म्हणजे गोचिडामुळे होणारा ताप, म्हणाले. शेजारचे काका म्हणतात इंजेक्शन कशाला, कडुनिंबाचं तेल चोळ. काय करू?

उत्तर: काकांचं अर्धं बरोबर आहे, पण चुकीच्या अर्ध्यावर गाय जाईल हो! कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन गोचिडावर काम करतं, म्हणजे त्याची कात टाकणं नि अंडी घालणं बिघडवतं, पण थायलेरिया हा रक्तपेशीत बसलेला एकपेशीय परजीवी, तिथं अंगावर चोळलेलं तेल पोचणारच नाही. त्यामुळे डॉक्टरांचं इंजेक्शन आधी, तेही लवकर. यावरचं नेहमीचं औषध बुपार्वाक्वोन, आणि गंमत म्हणजे त्याचा रासायनिक गोतावळा काही झाडांच्या लाकडात सापडणाऱ्या लॅपाकॉल नावाच्या द्रव्याशी जुळतो, म्हणजे वनस्पती तिथंही आहेच, फक्त कारखान्यातून सुधारून आलेली. बाकी लॅबमध्ये एखाद्या पानाच्या अर्काने जंतू मेले असं वाचलं तर लगेच पाला वाटायला बसू नका, काचेच्या बशीत जमतं ते गायीच्या पोटात टिकेलच असं नाही.

तेल लावायचं तर गाय बरी झाल्यावर, पातळ करून, आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटी आधी बुजवा, कारण गोचीड अंडी तिथं घालते आणि एकेक मादी हजारोंनी घालते. सीताफळाच्या बियांची पूड मात्र नको, डोळ्यात गेली तर फार त्रास, तुम्हालाही नि गायीलाही.